कोलाज कॉम्प्युटरवर, पान हाताने: स्क्रॅपबुकसाठी फोटो कोलाज कसं करावं

चार बाय सहा इंचांचे सहा फोटो घ्या आणि बारा बाय बारा इंचांच्या स्क्रॅपबुकच्या पानावर शेजारी शेजारी लावून बघा. वर तीन, खाली तीन. पान काठोकाठ भरतं, बोटभरही जागा उरत नाही. मग लिहायचं कुठे? तिकीट, रिबन, वाळलेलं पान चिकटवायचं कुठे? म्हणून बहुतेक जण दोन फोटो ठेवतात आणि बाकीचे पाकिटात परत जातात. एखाद्या दिवसाची गंमत मात्र नेमकी त्या परत गेलेल्या फोटोंमध्ये असते.

डिजिटल कोलाज इथे कामाला येतं. सगळे फोटो हव्या त्या मापात लहान करायचे, त्यांचे रंग एकमेकांशी जुळवायचे, एकाच कागदावर छापायचे आणि तो कागद पानावर चिकटवायचा. पाच-सहा फोटो अर्ध्याहून कमी पानात बसतात आणि उरलेलं पान हाताला मोकळं राहतं.

ते मोकळं राहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोलाजच्या ॲपमध्ये चिकटपट्टीची चित्रं असतात, कागदाच्या सावल्या असतात, धाग्याची शिवण असते, वाळलेली फुलंही असतात. यातलं काहीच घेऊ नका. खऱ्या दोऱ्याच्या टाक्याशेजारी छापलेला टाका निर्जीव दिसतो. कॉम्प्युटरने फोटोंचं काम करावं, बाकीचं सगळं हाताने व्हावं. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने सांगितली आहे.

नुसत्या सूचना वाचून फारसं कळत नाही, म्हणून एक पान सोबत घेऊन चालू. माझी भाची सायकल शिकली त्या दुपारचं पान. फोटो ४३, सगळे फोनवर काढलेले, अर्धे हललेले.

आधी पान, मग स्क्रीन

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी स्क्रॅपबुकचं कोरं पान समोर ठेवा आणि पट्टीने मोजा. बारा बाय बारा हे माप सगळ्यात जास्त वापरलं जातं, पण तुमची वही ए-४ असेल, आठ बाय आठ असेल किंवा घरी शिवलेली, कुठल्याच ठरावीक मापाची नसेल. शिवण किंवा रिंग असलेल्या बाजूला किती जागा दुमडीत जाते तेही मोजा. ती जागा वापरता येत नाही.

आता एक साधा कागद कोलाजच्या अंदाजी आकाराचा कापा आणि पानावर ठेवून सरकवत राहा. डाव्या कडेला लावून बघा, खाली लावून बघा. मधोमध ठेवलं तर चारी बाजूंना बारीक पट्ट्या उरतात आणि कुठल्याच पट्टीत धड काही मावत नाही. कोलाज एका कोपऱ्याकडे ढकललं की उरलेली जागा एकत्र येते आणि उपयोगाची होते.

मापाची एक मर्यादा घरच्या प्रिंटरची. बहुतेक घरगुती प्रिंटर ए-४ कागद घेतात, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कडेचा न छापला जाणारा भाग सोडला तर साडेसात इंच रुंदी निर्धास्त मिळते. म्हणून सायकलच्या पानासाठी साडेसात बाय साडेसात इंचांचं चौकोनी कोलाज ठरवलं. ते डाव्या आणि खालच्या कडेपासून पाऊण इंच सोडून बसवलं की उजवीकडे आणि वर पावणेचार इंचांची जागा उरते. इंग्रजी एल अक्षर उलटं धरल्यासारखी. तिथे लिहिता येईल.

अख्ख्या बारा इंची पानाचं कोलाज एकाच कागदावर हवं असेल तर ए-३ च्या पुढचा प्रिंटर लागतो. ते काम फोटो लॅबला द्यावं.

४३ मधून ५

निवड हा सगळ्यात वेळखाऊ भाग आहे आणि तिथे वेळ द्यायलाच हवा. मी दोन फेऱ्यांत करते. पहिल्या फेरीत जे फोटो बघताना बोट थांबतं ते सगळे एका वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करते. हलवत नाही, कॉपीच करते, कारण पुढे काटछाट या प्रतींवर होणार असते आणि मूळ फोटो जसाच्या तसा राहायला हवा. सायकलचे असे १४ निघाले.

दुसऱ्या फेरीत एक मुख्य फोटो ठरवायचा. कोलाजमध्ये सगळे फोटो सारख्याच मापाचे असले की नजर कुठेच टेकत नाही. एक मोठा आणि बाकीचे त्याच्या आसपास, अशी मांडणी डोळ्याला धरून ठेवते. मुख्य फोटो सगळ्यात स्पष्ट असलाच पाहिजे असं नाही. माझ्या निवडीतला मुख्य फोटो थोडा हललेला आहे: मागे धरणारा हात सुटलाय, भाचीला ते अजून कळलेलं नाही आणि ती तोंड उघडं टाकून समोर बघतेय. त्याच क्षणासाठी ते पान करायचं होतं.

बाकीचे चार निवडताना मी एक गोष्ट बघते: कॅमेरा किती दूर होता. एक फोटो लांबून, ज्यात जागा दिसेल. एक अगदी जवळून, ज्यात चेहरा नसेल. एखाद्या फोटोत दुसरं कुणीतरी असावं. आणि एक शांत, सगळं झाल्यानंतरचा. सायकलच्या पानावर हे असे आले: रिकाम्या रस्त्यावर दूर दिसणारी दोघं, पेडलवरचा बूट, नाडी सुटलेली, खरचटलेला गुडघा आणि त्यावर फुंकर घालणारी आई, आणि भिंतीला टेकवलेली सायकल. त्याच चेहऱ्याचे, त्याच हसण्याचे पाच फोटो शेजारी लावले तर ते एकच फोटो वाटतात.

फोटो गोळा करताना एक काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेत दाबून लहान होतो. दुसऱ्याकडून फोटो मागवायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा क्लाउडची लिंक मागा. जुना कागदी फोटो वापरायचा असेल तर स्कॅनर ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर ठेवा. दोन इंचांचा जुना फोटो त्या सेटिंगवर १२०० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे डिजिटल फोटोतला एक ठिपका) होतो आणि चार इंचांपर्यंत नीट छापता येतो. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या आणि फोन अगदी समांतर धरून टिपा. फ्लॅश नको, त्याचा पांढरा डाग पडतो.

पिक्सेलचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. छापलेलं कोलाज धुरकट येण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हे चांगलं प्रमाण आहे. म्हणजे बारा इंची पान ३६०० बाय ३६०० पिक्सेल, ए-४ कागद २४८० बाय ३५०८, आणि आपलं साडेसात इंची कोलाज २२५० बाय २२५०.

आता त्यात तीन बाय तीन घरांची जाळी आखा. दोन घरांमधली फट ३० पिक्सेल, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर. तीन घरांमध्ये दोन फटी, म्हणजे ६० पिक्सेल गेले. उरले २१९०. भागिले तीन केलं की एक घर ७३० पिक्सेलचं, जवळजवळ अडीच इंचांचं. मुख्य फोटोला डावीकडची वरची चार घरं एकत्र दिली की तो ७३० अधिक ३० अधिक ७३०, म्हणजे १४९० पिक्सेलचा होतो, छापल्यावर सुमारे पाच इंच. उजवीकडे आणि खाली मिळून पाच लहान घरं उरतात. चार फोटो त्यात जातील. पाचवं घर मुद्दाम रिकामं ठेवलं आहे, त्याचं पुढे सांगते.

बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. ७३० च्या घरासाठी त्यातला अगदी छोटा तुकडाही पुरतो. पेडलवरचा बूट असाच एका मोठ्या फोटोच्या कोपऱ्यातून कापून घेतला. मुख्य फोटोचा मात्र कापल्यानंतरचा आकार तपासा. तो १४९० पेक्षा कमी भरला तरी लगेच टाकून देऊ नका. इंचाला २०० पिक्सेलपर्यंत, म्हणजे इथे हजार पिक्सेलपर्यंत, प्रिंट चांगला दिसतो. त्याखाली गेला तर त्याला लहान घर द्या.

फटीच्या मापाबद्दल माझं मत: अडीच-तीन मिलिमीटर. त्याहून बारीक ठेवली तर फोटो एकमेकांत मिसळतात, त्याहून रुंद ठेवली तर जाळीच आधी दिसते.

मांडणी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये

जे हाताशी आहे त्यात. विकत घ्यायची गरज नाही. गिम्प विनामूल्य आहे आणि कॉम्प्युटरवर बसतं. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे. कॅनव्हा फोनवरही वापरता येतं. तिन्हींची रीत थोडी वेगळी.

गिम्पमध्ये नवीन फाइल २२५० बाय २२५० ची करा, रिझोल्यूशन ३०० द्या, पार्श्वभूमी पांढरी ठेवा. इमेजच्या मेनूत गाइड्स आहेत. तिथून ७३०, ७६०, १४९० आणि १५२० या आकड्यांवर आडव्या आणि उभ्या गाइडलाइन टाका. जाळी तयार झाली. फाइलच्या मेनूतून ओपन ॲज लेयर्स वापरून फोटो आणा, प्रत्येक फोटो आपापल्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर येतो. स्केल टूलने लहान करा, पण लांबी-रुंदीची साखळी जोडलेली आहे ना ते बघा, नाहीतर माणसं ताणलेली दिसतात. घरावर बसवला की आयताकृती सिलेक्शनने तेवढं घर निवडा आणि त्या लेयरला सिलेक्शनवरून लेयर मास्क लावा. घराबाहेरचा भाग लपतो, पण जात नाही. नंतर वाटलं की चेहरा थोडा डावीकडे हवा होता, तर बदलता येतं.

फोटोपीत किंवा फोटोशॉपमध्ये आधी घराच्या मापाचा चौकोन काढा, त्याच्या वरच्या लेयरवर फोटो ठेवा आणि क्लिपिंग मास्क करा. फोटो चौकोनात अडकतो आणि आत हवा तसा सरकवता येतो. मला ही पद्धत जास्त सोयीची वाटते, कारण एकदा चौकोन मांडून ठेवले की पुढच्या पानाला तीच फाइल वापरता येते, फक्त फोटो बदलायचे.

कॅनव्हात नवीन डिझाइनचा आकार इंचात न देता पिक्सेलमध्ये द्या. इंचात दिला तर जेपीजी डाउनलोड करताना पिक्सेल कमी भरतात. त्यातली तयार जाळी वापरायला हरकत नाही.

फोनवरच्या साध्या कोलाज ॲपमध्ये पिक्सेल ठरवायची सोय बहुतेक नसते. तिथे कोलाज सेव्ह करून त्याची माहिती उघडा आणि आकार वाचा. १०८० बाय १०८० दिसला तर ते स्क्रीनसाठी ठीक आहे, कागदावर साडेतीन इंचांपेक्षा मोठं छापू नका.

घरात फोटो बसवताना

प्रत्येक घर चौकोनी आहे आणि फोटो आयताकृती, त्यामुळे काहीतरी कापावं लागणारच. डोक्याच्या वरचं थोडं गेलं तर चालतं. हनुवटी, मनगट, घोटा, गुडघा या सांध्यांवर कड आली तर ते खटकतं. एक तर थोडं वर कापा, नाहीतर सांधा पूर्ण आत घ्या.

नजरेची दिशा बघा. उजवीकडे बघणारा माणूस कोलाजच्या उजव्या कडेला ठेवला तर तो पानाबाहेर बघत राहतो आणि वाचणाऱ्यालाही बाहेर नेतो. त्याला डाव्या बाजूला ठेवला की तो आतल्या फोटोंकडे बघतो. भाचीची सायकल डावीकडून उजवीकडे चालली होती, म्हणून मुख्य फोटो डावीकडे. तिच्यासमोर उजव्या बाजूच्या दोन घरांत रिकामा रस्ता आणि बूट. खालच्या रांगेत गुडघा, सायकल आणि ते रिकामं घर. फोटो आरशासारखा उलटवून दिशा बदलायचा मोह होतो. करू नका. कपड्यावरची अक्षरं उलटी होतात, केसांचा भांग बदलतो आणि ओळखीच्या माणसाला ते लगेच जाणवतं.

दोन शेजारच्या फोटोंत क्षितिजाची किंवा भिंतीची रेघ असेल तर एक तर ती एकाच उंचीवर आणा, नाहीतर स्पष्ट वेगळी ठेवा. थोडीशी चुकलेली रेघ चूक वाटते.

रंग जुळवणं

एकाच दुपारचे फोटोही सारखे नसतात. सावलीतला निळसर, उन्हातला पिवळट, घरातला नारिंगी. वेगवेगळे ते खपून जातात. अडीच मिलिमीटरच्या फटीवर शेजारी आले की भांडतात.

मुख्य फोटो आधी नीट करा आणि मग बाकीचे त्याच्याकडे आणा. आधी रंगाचं तापमान (फोटो किती निळसर किंवा पिवळट आहे ते), मग उजेड, मग शेवटी रंगांचा गडदपणा, याच क्रमाने. कोलाज स्क्रीनवर काडेपेटीएवढं लहान करून बघा. या मापात कुठला फोटो उगाच उठून दिसतो ते लगेच कळतं. फिल्टर सरसकट सगळ्यांवर टाकला तर फरक तसाच राहतो, फक्त रंगीत होतो.

एखादा फोटो काही केल्या जुळत नसेल तर सगळंच कोलाज कृष्णधवल करा. एक कृष्णधवल आणि चार रंगीत असं मिश्रण मी टाळते, त्याला काही खास कारण असेल तरच. गुडघ्याचा फोटो घराच्या आत दिव्याखाली काढलेला होता, पार नारिंगी. तापमान बरंच खाली आणल्यावर तो इतरांत बसला.

स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही, म्हणून प्रिंट नेहमी स्क्रीनपेक्षा काळपट येतो. काम करताना स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा आणि शेवटी सगळं कोलाज किंचित उजळ करून छापायला द्या. रंगांची प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारं सेटिंग, एसआरजीबी ठेवा. फोटो लॅब आणि घरचे प्रिंटर दोन्हीकडे तेच बिनघोर चालतं.

सेव्ह करताना दोन फाइली करा. एक लेयरसकट, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात. दुसरी छापायला, पीएनजी किंवा सगळ्यात वरच्या दर्जाची जेपीजी. जेपीजी उघडून बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते, म्हणून बदल लेयरच्या फाइलमध्येच करा. मूळ फोटोंचा फोल्डर त्यांच्याशेजारीच ठेवा. गूगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केलं तेव्हा अनेकांची कोलाजं त्याच प्रोग्रॅममध्ये केलेली होती. सॉफ्टवेअर जातं, फोल्डरमध्ये नीट ठेवलेले फोटो राहतात.

छपाई

आधी साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात, फक्त मापासाठी. प्रिंटच्या खिडकीत फिट टू पेज बहुतेक आपोआप निवडलेलं असतं; ते काढून शंभर टक्के किंवा ॲक्चुअल साइज निवडा. छापल्यावर पट्टी लावा. साडेसात इंच भरले पाहिजेत. बिनकडेच्या छपाईचा पर्याय निवडू नका, तो चित्र थोडं फुगवून कडा कापतो आणि तुमचं सगळं मोजमाप बिघडवतो.

हा साधा प्रिंट कापून खऱ्या पानावर ठेवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी चूक दिसते. मला दिसलं की लांबचा रस्ता आणि टेकवलेली सायकल यांच्या जागा बदलल्या तर पान जास्त मोकळं वाटेल.

मग रंगासाठी खऱ्या कागदाचा छोटा तुकडा वापरा. कोलाजमधून एक पट्टी कापून घ्या, ज्यात माणसाची त्वचा, एखादी सावली आणि आकाशासारखं काही फिकट आहे, आणि तेवढीच छापा. त्वचा लालसर आली तर पुन्हा रंगांकडे जा.

कागद मॅट घ्या, १७० ते २३० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम, कागदाचं वजन) दरम्यानचा. चकचकीत कागद उजेडात चमकतो, त्यावर बोटांचे ठसे उठतात आणि पेनची शाई पसरते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही तोच निवडा. साध्या कागदाचं सेटिंग ठेवून फोटो कागदावर छापलं तर रंग फिके येतात.

इंकजेटचा प्रिंट हाताला कोरडा लागला तरी पूर्ण सुकलेला नसतो. एक दिवस उघडा ठेवा, मग कापा आणि चिकटवा. घाईने प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातला तर आत वाफ धरते.

कापणं आणि चिकटवणं

कात्रीपेक्षा कटर आणि स्टीलची पट्टी. पट्टी फोटोच्या बाजूला ठेवा, म्हणजे हात घसरला तरी पातं बाहेरच्या टाकाऊ भागावर जातं. एकाच जोरात कापायला जाऊ नका. हलक्या हाताने दोन-तीन वेळा ओढा. कडेला फटीएवढाच पांढरा समास सोडला तर कापण्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कळत नाही. कोलाजखाली गडद कार्डस्टॉकचा, म्हणजे जाड कागदाचा थोडा मोठा तुकडा लावला की त्याला बारीक चौकट मिळते आणि जाडीही येते. सायकलच्या रंगाचा गडद हिरवा मी तिथे लावला.

आता गोंद. एक जुनं पान माझ्याकडून याच पायरीवर खराब झालं. इंकजेटवर छापलेल्या कोलाजच्या मागे मी पातळ पांढरा गोंद बोटाने पसरला होता. पाच मिनिटांत कागदाला लाटा आल्या, आणि एका कोपऱ्यातून ओल वर आली तिथे आकाशाची निळी शाई शेजारच्या पांढऱ्या फटीत उतरली. ते कोलाज परत छापता आलं. त्याखालचं हाताने रंगवलेलं पान परत करता आलं नाही. घरच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी असते. तेव्हापासून मी दुहेरी चिकटपट्टी किंवा कोरडी ग्लू स्टिक वापरते, आणि तीही आधी टाकाऊ प्रिंटवर लावून बघते. लॅबमध्ये फोटो कागदावर रासायनिक पद्धतीने धुतलेले प्रिंट ओलीला जास्त टिकतात, पण लाटा त्यांनाही येऊ शकतात.

गोंदाचा त्रास जुना आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनला स्क्रॅपबुकचा फार नाद होता. १८७३ मध्ये त्याने अशा वहीचं पेटंट घेतलं ज्याच्या पानांवर गोंद आधीच लावलेला होता. ओलं करायचं आणि कात्रण ठेवायचं.

पारदर्शक साधी चिकटपट्टी मात्र लावूच नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंकाचा डाग कागदात उतरतो. पान, कार्डस्टॉक, चिकटपट्टी घेताना वेष्टनावर ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री लिहिलंय का बघा. लिग्निन हा लाकडातला घटक आहे. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते त्याच्यामुळे. फोटोंच्या शेजारी राहणाऱ्या साहित्यासाठी फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट नावाची चाचणी आहे, आयएसओ १८९१६ या मानकाची. तिचा उल्लेख असेल तर ते साहित्य निर्धास्त घ्या. कव्हर पीव्हीसीचं नको, पॉलिप्रॉपिलीनचं असावं.

चिकटवताना आधी फक्त वरची कड टेकवा, सरळ आहे ना बघा, मग वरून खाली स्वच्छ फडक्याने दाबत या.

रिकामं ठेवलेलं घर

आता ते पाचवं घर. डिजिटल कोलाजमध्ये एक घर पांढरं सोडायचं आणि छापून चिकटवल्यावर ते हाताने भरायचं. छापलेलं आणि हाताचं काम एकमेकांत मिसळण्याचा मला सापडलेला हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. आजूबाजूला फोटो आणि त्यांच्यातच एका घरात खरा पोत, बोट फिरवलं की लागणारा.

सायकलच्या पानावर आम्ही चाकाच्या टायरला शिक्क्याची काळी शाई लावली आणि चाक जाड कागदावरून एकदा फिरवलं. नक्षी उमटली. वाळल्यावर त्यातला अडीच इंचांचा चौकोन कापला आणि त्या घरात बसवला. उरलेली लांब पट्टी पानाच्या वरच्या मोकळ्या जागेत तिरकी लावली, कोलाजच्या मागून निघून पानाच्या कडेपर्यंत जाणारी. दुसऱ्या पानांवर त्या घरात कापडाचा तुकडा आला आहे, नकाशाचं कात्रण आलं आहे, एकदा नुसती तारीख आली आहे.

घर रिकामं ठेवणार असाल तर त्यावर जाणाऱ्या वस्तूची जाडी बघा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड वस्तूने समोरच्या पानावर खड्डा पडतो आणि वही मिटत नाही.

शब्द

कोलाजवर मजकूर छापू नका, पानावर हाताने लिहा. अक्षर चांगलं नसलं तरी. तीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला तुमचं अक्षर बघायचं असतं. पिगमेंट शाईचा पेन घ्या, तो पाण्याने पसरत नाही आणि सहजी उडत नाही. साधी जेल किंवा बॉलपेनची शाई फिकी होते. आधी पेन्सिलीने रेघा आखा, लिहा, पूर्ण वाळल्यावर खोडा.

नाव, तारीख, जागा हे तर हवंच. त्यापलीकडे एखादं असं वाक्य लिहा जे फोटोत दिसत नाही. भाचीच्या पानावर लिहिलंय: "धरलंयस ना? असं सात वेळा विचारलं. आठव्यांदा विचारलं तेव्हा हात सुटलेला होता."

मोठं शीर्षक छापूनच हवं असेल तर देवनागरीसाठी युनिकोड फॉन्ट वापरा. टायरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसली तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. गिम्पमध्ये ही अडचण येत नाही.

फोटो फारच जास्त असतील तर

काही प्रसंगांत पाच फोटोंवर थांबवत नाही, विशेषतः एका हालचालीचे सलग फोटो असतील तेव्हा. त्यासाठी घडीची पट्टी करा. ३००० बाय ६०० पिक्सेलची फाइल, म्हणजे दहा इंच लांब आणि दोन इंच रुंद, त्यात पाच चौकोनी फोटो एकापुढे एक, मध्ये फट नाही. ए-४ कागदावर ती उभी आरामात मावते. छापून, कापून दर दोन इंचांवर पंख्यासारखी घडी घाला.

फोटोंची संख्या विषमच ठेवा, तीन, पाच, सात. शेवटचा चौकोन मागून पानाला चिकटतो, आणि संख्या विषम असली तरच घडी मिटल्यावर सगळ्यात वर फोटो येतो. सम असली तर कागदाची पांढरी पाठ वर येते. घडीच्या जागी आधी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढा, मग दुमडा. नाहीतर छपाईचा थर तडकतो आणि चेहऱ्यावर पांढरी रेघ उमटते. कागदही थोडा पातळ, १२० ते १६० जीएसएमचा घ्या.

भाचीच्या पानावर ही पट्टी उजव्या मोकळ्या जागेत खाली लावली आहे. मिटलेली असताना वर दिसते ती पहिली पायरी, सायकलच्या सीटवर बसून पाय जमिनीला टेकवलेली ती. ओढली की एकेक फोटो उलगडत जातो: पाय उचलला, हँडल डगमगलं, सरळ झालं, आणि शेवटच्या चौकोनात ती फ्रेमच्या कडेला अर्धी बाहेर गेलेली.